बेल-भंडार, गुलाल आणि पुढची पाच वर्षं (पुणे महापालिका निवडणुकीनंतरचा धागा)

मुठेकाठ

१५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, १६ ला निकाल लागला. मार्च २०२२ पासून प्रशासकाच्या हाती असलेल्या पुणे महापालिकेत जवळपास चार वर्षांनी नगरसेवक आले, १६५. कोण आलं, कोण पडलं, कुणी कुणाची मतं खाल्ली याचे धागे वेगळे चालू आहेत. तो विषय इथे नको.

इथे बोलायचंय ते देवाच्या नावाने दिल्या-घेतल्या गेलेल्या गोष्टींबद्दल. निवडणूक लांबत गेली तशा शहरभरातून यात्रेच्या बस सुटत राहिल्या. उज्जैन, काशी, अष्टविनायक, तुळजापूर-अक्कलकोट. दिवाळीला उटणं आणि सुगंधी तेल. मतदान संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी आलं, त्यामुळे वाणाला यंदा भलताच भाव. आणि काही ठिकाणी अजूनही बेल-भंडार उचलायला लावून शब्द घेतला जातो.

निवडणूक संपते, पण याचं ओझं संपत नाही. रस्ता खणून महिनोन्‌महिने तसाच पडतो, ड्रेनेज तुंबतं, आणि सोसायटीत कुणी पत्र लिहायचं म्हटलं की उत्तर येतं, ‘त्यांच्या बसने काशीला जाऊन आलो, आता कुठल्या तोंडाने बोलायचं?’ बसच्या भाड्यापेक्षा ही गप्प बसण्याची किंमत कितीतरी जास्त आहे, असं माझं मत.

तर जाणकारांनी तीन गोष्टींवर लिहावं. भंडाऱ्यावर दिलेल्या शब्दाचं काय करायचं. देवस्थानं आणि मंडळांनी निवडून आलेल्यांशी कसं वागावं. आणि साध्या मतदाराने पालिकेत नेमकं कुठे, कधी आणि कोणता कागद घेऊन जायचं.

कलमदान

पहिल्यावर लिहिते.

भारतीय न्याय संहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं वेगळं प्रकरण आहे. कलम १७० लाचेचं, १७१ गैरवाजवी दबावाचं. ‘असं मत दिलं नाहीस तर देवाचा कोप होईल’ असं भासवणं किंवा तसा प्रयत्न करणं हे १७१ मध्ये स्पष्ट शब्दांत आलंय. जुन्या दंडविधानातही ते होतंच. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. लाचेलाही तेवढीच, पण लाच जेवणखाण, करमणूक अशा स्वरूपाची असेल तर फक्त दंड. मटणाच्या पंगती निर्धास्त का उठतात ते यावरून कळेल. आणि हो, लाच देणारा जसा दोषी तसाच घेणाराही.

आता हे कुठे अडतं ते. लाचेचा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस ठाण्यात गेलात तर नोंद होते, पण दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास होत नाही. तोवर निकाल लागलेला असतो, साक्षीदार गावाला गेलेले असतात.

धनकवडी२

पण धर्माच्या नावावर मत मागितलं तर निवडणूकच रद्द होते ना? लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम १२३(३). सात न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल आहे.

कलमदान

निकाल आहे, २ जानेवारी २०१७ चा, ४ विरुद्ध ३. उमेदवाराचा धर्म असो की मतदाराचा, त्याच्या नावाने आवाहन केलं तर तो भ्रष्टाचार, असं बहुमताने म्हटलं. पण १९५१ चा हा कायदा लोकसभा-विधानसभेचा. महापालिकेला लागतो तो १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, आणि निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग. दिल्लीचा आयोग वेगळा. हा घोळ इतका सर्रास होतो की लोक तक्रारी भलत्याच पत्त्यावर पाठवून बसतात.

पालिकेच्या निवडणुकीला आव्हान द्यायचं तर अधिनियमाचं कलम १६. प्रभागातला कुठलाही नोंदलेला मतदार न्यायाधीशांकडे अर्ज करू शकतो, पण मुदत फक्त दहा दिवसांची. विधानसभेच्या याचिकेला ४५ दिवस मिळतात. दहा दिवसांत कागद जमवणं सामान्य माणसाला जमत नाही, हरलेल्या उमेदवाराला जमतं. म्हणून अशा याचिका बहुतेक हरलेल्यांच्याच असतात.

सातारारस्ता

आणि खर्चाची मर्यादा? पुण्यात नगरसेवकाला १५ लाख. एका काशीयात्रेचाच खर्च काढा.

कलमदान

खर्चाचा हिशोब अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा धरतात. ऑक्टोबरात सुटलेली बस त्यात बसतच नाही. पळवाट कसली, हमरस्ताच आहे. तरी निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला, हरलेल्यालाही, हिशोब द्यावा लागतो, नाही दिला तर आयोग तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो. हिशोबाची प्रत मागून घ्या. त्यात मंडप, खुर्च्या, चहा, रिक्षा यांचे दर लिहिलेले असतात. आपल्या चौकातल्या सभेला किती खुर्च्या होत्या ते लोकांना माहीत असतं, कागदावर किती आहेत ते तिथे दिसतं.

खंडेरायाचा_वाघ्या

कायद्याचं झालं. आता देवाचं बोलतो, कारण ज्यांनी भंडारा उचललाय त्यांची झोप कलम १७१ ने परत येत नाही.

जेजुरीच्या परंपरेत बेल-भंडार उचलणं म्हणजे देवाला साक्षी ठेवणं. ही क्रिया भांडण मिटवताना, जमिनीच्या बांधावरून, देण्याघेण्यावरून, सोयरीक ठरवताना होत आली. दोन्ही बाजू समोर बसलेल्या असतात आणि दोघंही उचलतात. इथे काय होतं? मतदार उचलतो, उमेदवार उचलत नाही. ‘पाच वर्षं टक्केवारी घेणार नाही’ म्हणून भंडाऱ्यावर हात ठेवलेला उमेदवार कुणी पाहिलाय का? एकतर्फी शपथ ही आपल्या रीतीत बसत नाही. देव साक्षीदार असतो, कुणाचा वसुलीवाला नसतो.

दुसरं, पैसे किंवा वस्तू हातात ठेवून घेतलेला शब्द हा व्यवहार झाला, नवस नव्हे. ज्याला मनाला लागतंय त्याने सरळ कुलदैवताला जाऊन तळी भरावी, ‘शब्द चुकीच्या कामाला दिला, पदरात घे’ म्हणावं आणि मोकळं व्हावं. त्यासाठी नगरसेवकाची परवानगी लागत नाही.

धनकवडी२

शब्द मोडला हे त्यांना कळणारच कसं? मत गुप्त असतं.

कलमदान

एकट्या माणसाचं मत गुप्त राहतं. पालिकेच्या यंत्राला चिठ्ठी दाखवणारा जोडही (व्हीव्हीपॅट) नसतो. पण मोजणी यंत्रावार होते, त्यामुळे केंद्रनिहाय आकडे उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या वहीत जातात. केंद्रावर मतदार हजाराच्या आतबाहेर. मोठ्या सोसायटीतच केंद्र असेल, तर ‘तुमच्या तीन इमारतींतून किती पडली’ हे दुसऱ्या दिवशी सकाळी माहीत असतं. लोकांची भीती अगदीच निराधार नाही. पण आकडा गटाचा असतो, माणसाचा नाही. कुणी ‘तुम्ही कुणाला दिलं ते आम्हाला कळलंय’ म्हणालं तर ती थाप.

तिसरी_पिढी_मंडळ

मंडळं आणि देवस्थानांबद्दल लिहितो, कारण येत्या महिन्यांत सत्कारांचा पाऊस पडेल.

धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९८८ हा कायदा फार कमी विश्वस्तांनी वाचलेला असतो. देऊळ, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार, सगळ्यांना सारखा लागू. संस्थेची जागा राजकीय कामासाठी वापरायची नाही, संस्थेचा पैसा कुठल्याही पक्षाच्या फायद्यासाठी खर्चायचा नाही. मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. जबाबदारी व्यवस्थापनावर येते, भाषण करणारा गाडीत बसून निघून जातो.

म्हणून सत्कार करायचाच असेल तर पथ्यं पाळा. सभामंडपात पक्षाचा झेंडा, चिन्ह, पक्षाचं उपरणं नको. हार-नारळ संस्थेच्या खात्यातून नको, ज्यांना हौस आहे त्यांनी पदरचे पैसे घालावेत. प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकच निमंत्रण, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. हॉल भाड्याने देत असाल तर सगळ्यांना एकच दर आणि पावती. विश्वस्त मंडळाच्या ठराववहीत दोन ओळी लिहून ठेवा. पुढे कुणी धर्मादाय सहआयुक्तांकडे अर्ज केला तर तेवढ्याच दोन ओळी कामाला येतात.

देणग्यांचं तर विचारूच नका. कळस, फरशी, एलईडीच्या माळा, घंटा, आणि खाली देणाऱ्याचं नाव कोरलेली संगमरवरी पाटी. देणगी घ्या, रीतसर पावती फाडा, पाटी लावू नका. पाटी लागली की देवापुढे हात जोडणाऱ्या प्रत्येकाला आधी नाव वाचावं लागतं. आणि नोंदणी नसलेल्या मंडळाने वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती गणपतीच्या तोंडावर धावपळ करून घेण्यापेक्षा आधी घ्या.

आवाज: रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. विजयाची मिरवणूक त्यात आपोआप बसत नाही. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. तक्रार ११२ वर करा, वेळ आणि ठिकाण सांगा. फोनमधल्या ॲपचा आकडा पुरावा म्हणून टिकत नाही, पोलिसांनी त्यांच्या यंत्राने मोजून पंचनामा करायला हवा, तोच आग्रह धरा.

सातारारस्ता

म्हणजे आता देवळात नगरसेवक दिसला तरी नमस्कार करायचा नाही?

तिसरी_पिढी_मंडळ

करा की. देवाला करा, त्यालाही करा. झेंडा चपलांच्या स्टँडवर ठेवायला सांगा.

पेठेतली_रेवती

फ्लेक्सचं राहिलंच. ‘भरघोस मतांनी निवडून दिल्याबद्दल’वाले आभाराचे फ्लेक्स आणि त्यावर कुठल्या ना कुठल्या देवाचा फोटो. देवाचा फोटो असला की उतरवायला कुणी हात लावत नाही, म्हणून तो लावतात हे उघड आहे. परवानगी असलेल्या फ्लेक्सवर परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली हवी. नसेल तर क्षेत्रीय कार्यालयाच्या आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे तक्रार. फोटो दोन काढा, एक मजकुराचा, एक लांबून, ज्यात खांबाचा नंबर किंवा दुकानाची पाटी दिसेल. नुसता मजकुराचा फोटो दिला की ‘जागेवर आढळून आला नाही’ असा शेरा मारून तक्रार बंद होते. मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा त्यासाठीच आहे.

अंदाजपत्रक_वाचक

तिसरा प्रश्न माझा. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

प्रभाग ४१. त्यातले ४० चार सदस्यांचे, एक पाचांचा. अ, ब, क, ड ही जागांची नावं आरक्षणासाठी आहेत. चौघांचा अधिकार पूर्ण प्रभागावर सारखाच. ‘तुमची गल्ली माझ्याकडे नाही’ हे त्यांनी आपापसात वाटून घेतलेलं असतं, कायद्यात तसं काही नाही. २०११ च्या जनगणनेवर आखलेल्या अशा प्रभागात ८० हजारांच्या आसपास माणसं येतात, त्यामुळे एकाला गाठलं की काम झालं असं होत नाही. पत्र चौघांच्याही नावे आणि क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे, एकच मजकूर. शहरात अशी १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत.

पैसा कुठून येतो ते समजून घ्या. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला देतात. स्थायीत १६ सदस्य, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. स्थायी त्यात आपली भर घालून मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे ठेवते. नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं ज्या यादीत येतात तिला पालिकेत ‘स यादी’ म्हणतात. तुमच्या फुटपाथचं, दिव्यांचं, बाकांचं भवितव्य बहुतेक तिथेच. त्यामुळे अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर निवेदन देणं म्हणजे जेवणं उरकल्यावर पानावर बसणं.

नागरिकांसाठी दुसरी वाट म्हणजे सहभागी अंदाजपत्रक. पुण्यात २००६-०७ पासून आहे. आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं. मागणी साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात काढतात, पालिकेच्या संकेतस्थळावर आणि क्षेत्रीय कार्यालयात. सूचना फेटाळल्या जातात त्याची कारणं ठरलेली. ‘रस्ता चांगला करावा’ असं मोघम लिहिलेलं असतं. किंवा जागा पालिकेच्या ताब्यात नसते. विकास आराखड्यातला रस्ता असतो पण भूसंपादन झालेलं नसतं. किंवा काम सोसायटीच्या आवारातलं असतं, आणि खासगी आवारात पालिकेचा पैसा घालता येत नाही. (निवडणुकीआधी आवारात झालेलं ब्लॉक आणि रंगकाम कुणाच्या पैशातून झालं, हा प्रश्न सोसायटीने विचारायला हरकत नाही.)

म्हणून असं लिहा: ‘अमुक चौकातल्या औषधाच्या दुकानापासून शाळेच्या फाटकापर्यंत, उजव्या हाताचा पदपथ, लांबी ९० मीटर, रुंदी १.८ मीटर. चार ठिकाणी ब्लॉक खचले, एका ठिकाणी चेंबरचं झाकण पदपथाच्या वर तीन इंच.’ सोबत फोटो आणि खातं: पथ, विद्युत, मलनिस्सारण, उद्यान, भवन. टेपने मोजायला दोन माणसं आणि पंधरा मिनिटं लागतात. कनिष्ठ अभियंत्याला यावरून पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा अंदाज, करता येतं. मोघम पत्रावरून करता येत नाही, म्हणून तो करत नाही.

आता घोटाळा कुठे होतो. वर्गीकरण. मंजूर कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवणं म्हणजे वर्गीकरण, त्याला स्थायी आणि मुख्य सभेची मान्यता लागते. जानेवारी ते मार्च या काळात वर्गीकरणाचे ठराव गठ्ठ्याने येतात. तुमच्या ड्रेनेजचे पैसे चांगल्या स्थितीतले ब्लॉक उखडून नवे बसवायला जातात ते असे. विषयपत्रिकेवर लक्ष ठेवा, आपल्या प्रभागाचं नाव शोधा.

काम झाल्यावरही संपलं नाही. कार्यादेश, मोजमाप पुस्तक आणि दोषदायित्वाचा कालावधी, हे तीन कागद बघा. मोजमाप पुस्तकात ९० मीटर लिहिलेत आणि जागेवर ६० भरले, तर पुढचं पत्र लिहायला फार साहित्यिक असावं लागत नाही. दोषदायित्वाच्या मुदतीत खचलेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने करायचं असतं. ती मुदत संपायच्या आत तक्रार गेली नाही की त्याच कामाची नवी निविदा.

हे कागद बघायला माहिती अधिकाराचा अर्जही दर वेळी लागत नाही. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ पालिकेत फायली पाहता येतात. पुण्यात ही पद्धत आधीपासून होती, २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ती राज्यभर आली. कामाचं नाव, वर्ष आणि खातं माहीत असू द्या, नाहीतर दोन तास फाईल शोधण्यातच जातात. प्रत हवी असेल तर पान २ रुपये. फाईल दाखवलीच नाही तर मग अर्ज: १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांत. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

धनकवडी२

कडक माहिती. प्रभाग समिती म्हणून काही असतं ना?

अंदाजपत्रक_वाचक

असतं. अधिनियमाचं कलम २९ अ. त्या भागातले नगरसेवक, प्रभागाचे अधिकारी आणि स्वयंसेवी किंवा वस्तीपातळीवरच्या संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी. या तीन जागांवर कोण बसतं याकडे कुणाचं लक्ष नसतं, म्हणून तिथे कार्यकर्त्यांची सोय लागते. आपल्या भागात कचरा, नदी, पादचारी अशा विषयांवर खरं काम करणारी नोंदणीकृत संस्था असेल तर तिचं नाव आत्ताच लेखी पाठवा. क्षेत्रसभेची तरतूदही २००९ पासून कायद्यात आहे, म्हणजे मतदारांची सभा नगरसेवकाने बोलवायची. कागदावरच आहे. चौघांना पहिल्याच पत्रात ‘पहिली क्षेत्रसभा कधी घेताय’ हे विचारा.

खंडेरायाचा_वाघ्या

सभा देवळाच्या मंडपात घ्या म्हणतील.

तिसरी_पिढी_मंडळ

शाळेचा वर्ग मागा. पालिकेच्या शाळा आहेत की.

पेठेतली_रेवती

एक अडचण सांगते. यात्रेला गेलेली मंडळी सहीच करत नाहीत. ‘उगाच वाईटपणा नको’.

मुठेकाठ

मग पत्राचा सूर बदला. तक्रार, निषेध, जाब हे शब्द काढून टाका. असं काही:

‘मा. नगरसेवक, प्रभाग क्र. __ (चारही), आणि मा. सहायक आयुक्त, __ क्षेत्रीय कार्यालय यांस. विषय: पदपथ दुरुस्ती. आपल्या निवडीबद्दल अभिनंदन. खालील काम येत्या अंदाजपत्रकात घ्यावे ही विनंती. जागा, लांबी, रुंदी, खाते, फोटो सोबत. काम कोणत्या यादीत घेतले ते एक महिन्यात लेखी कळवावे. पहिली क्षेत्रसभा कधी आहे तेही कळवावे.’

अभिनंदनाच्या पत्रावर यात्रेकरूही सही करतात. खाली नाव, इमारत, सही. मत कुणाला दिलं हा रकाना नाही.

कलमदान

सोसायटीच्या लेटरहेडवर देणार असाल तर व्यवस्थापक समितीचा ठराव आधी करा, नाहीतर कुणीतरी सभासद हरकत घेतो आणि पत्र बाजूला राहून भांडण सुरू होतं. ठराव होत नसेल तर साध्या कागदावर व्यक्तिशः सह्या. वजन तेवढंच. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोला आवक क्रमांक नसतो.

सातारारस्ता

यादीत नावच शेजारच्या प्रभागात गेलेल्यांनी कुणाला लिहायचं?

कलमदान

राहता तिथल्या चौघांना. काम जागेचं असतं, मतदार यादीचं नाही. नाव दुरुस्तीचं मात्र आत्ताच बघा. पालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात. राज्य आयोग त्यात नवं नाव घालू शकत नाही, फक्त चुकीच्या प्रभागात गेलेलं नाव जागेवर आणतो, तेही हरकतींच्या मुदतीतच. पत्ता बदलला असेल किंवा तपशील चुकला असेल तर नमुना ८, नवं नाव नमुना ६, गेलेल्या माणसाचं नाव काढायला नमुना ७. पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. अठरा पूर्ण होणाऱ्या पोरापोरींना पुढच्या निवडणुकीची वाट बघत बसवू नका.

पेठेतली_रेवती

पत्राचा मजकूर उचलते आहे. सोमवारी तीनला फाईल बघायला तिघी जाणार, पदपथ आणि ड्रेनेज, दोन्ही पथ विभागात मिळतील का?

अंदाजपत्रक_वाचक

नाही. ड्रेनेज मलनिस्सारणकडे. आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारा, छोटी कामं तिथूनच निघतात आणि फाईलही तिथेच असते. टेप बरोबर ठेवा, परतताना मोजून या.